स्वस्तिकाच्या पाटीखाली

परदेशी निघालेल्या माणसाच्या सामानात आपल्याकडे आधी खाण्याचे डबे भरले जातात, मग कपडे. भाषांतराच्या कामासाठी तैवानची राजधानी तैपेई येथे जायचे ठरले, तेव्हा माझ्याही पेटीत चिवडा, मेतकूट आणि दशम्या होत्या. सासूबाईंचा प्रश्न एकच होता : "तिथे तू खाणार काय?" वाचकहो, आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी तिकडे शिकावयास निघाली असेल, तर आपल्याही घरी हाच प्रश्न निघाला असेल.

पहिल्याच संध्याकाळी तेथील एका वडीलधाऱ्या सहकारी बाईंनी मला मोठ्या अगत्याने गोमांसाच्या रश्शातील शेवयांच्या दुकानात नेले. मांस मी खात नाही, हे सांगण्याचा मला संकोच वाटला. "पोट बिघडले आहे," असे खोटेच सांगून मी नुसता चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या बाई दारात उभ्या! हातात थर्मास आणि त्यात माझ्यासाठी पहाटे उठून शिजविलेली तांदळाची पेज. ती पेज माझ्या घशाखाली उतरेना. मी खरे काय ते सांगून टाकले.

क्षणभर त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काल एक शब्द बोलला असता तर! माझे वडील शेतकरी. नांगर ओढणाऱ्या जनावराचे मांस त्यांनीही कधी खाल्ले नाही." जुन्या तैवानी शेतकरी कुटुंबांत ही रीत होतीच. गोमांसाच्या शेवया तेथे रूढ झाल्या त्या १९४९ नंतर, चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या सैनिकांच्या व निर्वासितांच्या वस्त्यांतून.

दुपारी त्यांनी मला गल्लीतील एका लहानशा खानावळीत नेले. पाटीवर चक्क स्वस्तिक! आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेस वळलेले ते बौद्धांचे चिन्ह तेथे शाकाहारी खानावळीची खूण आहे. अशा अनेक खानावळी बौद्ध अथवा यीक्वान ताओ पंथाचे लोक चालवितात. या पंथावर १९८७ पर्यंत सरकारी बंदी होती. आज त्याचे अनुयायी उघडपणे पंगती वाढतात.

येथे वाढपी नाही. आपणच ताटली घ्यावी, चिमट्याने हवे ते वाढून घ्यावे. मसाल्याच्या चक्रफुलाचा वास असलेले, सोयाच्या रसात मुरविलेले सोयाबीनचे पनीर, तुळशीच्या जातीच्या पानांतली वांगी, कोवळे बांबू, पांढरे कारले आणि रताळ्याचा पाला. हा पाला एके काळी डुकरांना घालीत. आता तो घरोघरी आवडीने खातात. शेवटी गल्ल्यावरच्या बाई ताटलीचे वजन करतात. भात घेऊन सुमारे १०० तैवानी डॉलर, म्हणजे आपले तीनशेच्या आसपास रुपये झाले. पातळ सूप फुकट. बक्षिसी देण्याची चाल नाही. उष्टी ताटली मात्र आपणच नेऊन ठेवावयाची. आपल्याकडच्या 'मंचुरिअन'चा तेथे मागमूसही नव्हता.

आणखी एक नवल म्हणजे, कडक नेमाच्या अशा खानावळींत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. आपल्या चातुर्मासाचीच आठवण झाली. पुष्कळ तैवानी माणसे चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत. २००९ पासून शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या बंद पुड्यांवर तो पदार्थ पाचांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे छापावे लागते : अंडे, दूध, कांदा-लसूण यांपैकी काय आहे ते कळते. साध्या दुकानात मात्र विचारल्यावाचून भाजीही घेऊ नये. तिच्यावर डुकराची चरबी घातलेली असू शकते.

त्या भाषेत शाकाहारासाठी जे अक्षर आहे, त्याचा मूळ अर्थ न रंगविलेले पांढरे रेशीम. माझ्या सबबीला तर रंग दिलेला होता! परक्या घरी आपला नेम सांगितल्याने यजमानाचा अपमान होत नाही; तो होतो खोट्या सबबीने. म्हणून मुलांच्या पेटीत डबे अवश्य भरा, पण तो एक शब्दही त्यांना पाठ करून द्या. पेटीतल्या माझ्या दशम्या पुढे त्या बाईंनीच संपविल्या, आणि मेतकुटाची कृती लिहून घेतली.