डांबरीवरचा चिखल



परतीच्या पावसाचे दिवस होते. भिजलेल्या सोयाबीनच्या गंजीचे काय करावे, हे विचारायला परभणीकडच्या एका शेतकऱ्याने मला बोलावले होते. मी मोटारसायकलवर निघालो. रस्ता डांबरी, खड्डा म्हणून नाही. आकाश भरून आले होते आणि नुकतीच भुरभुर सुरू झाली होती. त्यांच्या पाणंदीचे तोंड दिसले, वळायचे म्हणून मी पुढचा ब्रेक दाबला, आणि पुढचे चाक पायाखालून सतरंजी ओढावी तसे निघून गेले. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. मनगट मात्र मोडले, सहा आठवडे गळ्यात हात बांधून फिरलो. माझ्या मागून एक मुलगा आईला बसवून, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून येत होता. मी पडलेला पाहून त्याने गाडी आवरली. मी तिथे पडलो नसतो तर ती माउली पडली असती.

मला उचलायला तेच शेतकरी धावत आले. "साहेब, एवढ्या चांगल्या रस्त्यावर कसे हो पडलात?"

मी म्हटले, "अहो, रस्त्यावर कुठे? तुमच्याच रानात घसरलो."

त्यांना आधी उमगले नाही. मग डांबरीकडे पाहिले. सकाळपासून त्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने सोयाबीनच्या खेपा केल्या होत्या, आणि चाकांनी आणलेली काळी माती पाणंदीच्या तोंडापासून पंचवीस-तीस पावले डांबरीवर लिंपली गेली होती.

रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल आपण सगळेच बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण हा चिखल कोणत्या ठेकेदाराने टाकलेला नसतो. तो आपल्या रानातून आपल्याच चाकांनी येतो.

काळी माती इतकी का घसरते, ते समजून घ्या. तिच्यात चिकण भाग फार. तिचे कण चपटे, पापुद्र्यासारखे, आणि त्या पापुद्र्यांत पाणी शिरते. म्हणूनच ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पिकाला ओल पुरवणारा हा तिचा मोठा गुण. पण तीच माती डांबरीवर पातळ पसरली आणि वर थोडे पाणी पडले की साबण लावल्यासारखे होते. टायर डांबराला टेकतच नाही. मुसळधार पाऊस आला तर बराचसा थर धुऊन जातो. वाईट ती भुरभुर. दिवसभर वाळलेल्या मातीवर संध्याकाळी चार थेंब पडले की ती जागा सर्वांत धोक्याची. अंधारात ती डांबरासारखीच काळी दिसते.

अशा जागी ब्रेक आधी, स्वच्छ रस्त्यावरच लावून वेग कमी करावा, आणि चिखलावर आल्यावर हँडल सरळ धरून, ना ब्रेक ना ॲक्सिलरेटरचा झटका, असे सावकाश पार व्हावे. पुढचा ब्रेक तर मुळीच दाबू नये. मी तोच दाबला होता.

पाणंदीत संकट वेगळे. तिथे चिकट माती पुढच्या चाकात आणि मडगार्डमध्ये गच्च भरते आणि चाक एकाएकी जाम होते. हँडल जड लागू लागले की लगेच थांबा, काडीने माती काढा. "घर आलेच आता" म्हणून रेटू नका. ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत चाक घातले की बाहेर निघताना गाडी आडवी होते. मागे बसलेल्याने तेवढे अंतर उतरून चालावे, चप्पल हातात घ्यावी लागली तरी चालेल. आपल्याकडे बाया एका बाजूला पाय सोडून बसतात, कडेवर लेकरू असते. गाडी घसरली तर त्यांना सावरायला काहीच नसते. चिखल अडकतो म्हणून पुष्कळांनी मागच्या चाकाची साडीची जाळी काढून माळ्यावर टाकली आहे. ती पुन्हा लावा. पदर चाकात गेला तर गाडी थांबवायलाही वेळ मिळत नाही. आणि हेल्मेट आरशाला टांगायची वस्तू नव्हे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सांगितले आहे.

आता चिखल डांबरीवर येऊ नये म्हणून काय करायचे? ट्रॅक्टरवर एक फावडे कायम ठेवा. डांबरीवर चढण्याआधी टायरच्या खाचांतली मोठी ढेकळे पाडा. एवढ्याने सगळी माती निघत नाही, म्हणून दिवसाची शेवटची खेप झाली की डांबरीवर पडलेली माती ओली असतानाच खरडून बांधाकडे ओढा. दोन माणसांचे पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. वाळू दिली तर ती डांबराला चिकटून बसते.

कायमचा उपाय मुरमाचा. पाणंद जिथे डांबरीला मिळते तिथे आतल्या बाजूला तीस-चाळीस फूट जाड मुरूम दाबून घालावा. त्यावरून येताना चाके आपोआप माती सोडतात. एका पाणंदीवर पाच-सहा खातेदार असतातच, खर्च वाटून घेतला तर कोणालाच जड जात नाही. मुरूम गौण खनिजात मोडतो, तेव्हा उचलण्याआधी तहसीलात परवानगीचे विचारून घ्या.

त्या शेतकऱ्याने माझे प्लॅस्टर निघण्याआधीच शेजाऱ्यांना गोळा करून तीन ट्रॉल्या मुरूम टाकला. काळ्या रानात मुरूम खाली दबतो, म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी एक ट्रॉली वरून टाकावी लागते. ती ते टाकतात.