लेखनकामाठी कुणाला म्हणता?

सिनेमा-मालिकांसाठी लिहिणे ही पोटार्थी लेखनकामाठी, ते साहित्य नव्हे, असे आपल्या मुस्लिम मराठी परिसंवादांत आजही बिनदिक्कत बोलले जाते. कथा, कविता, आत्मकथन यांना मंचावर खुर्ची आणि पटकथाकार श्रोत्यांत. हे सोवळे आपण कुणाकडून उचलले? ज्यांनी कधीकाळी आपल्यालाही ओसरीवरच बसवले, त्यांच्याकडूनच ना?

नाशिक जिल्ह्याचेच पाहा. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९४४ साली नाशकात वारले. 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) पटकथा त्यांनी स्वतःच लिहिली होती. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. नट, दिग्दर्शक, गायक, संगीतकार, गीतकार यांना तो मिळाला. २००८ चा व्ही. के. मूर्ती या कॅमेरामनला मिळाला. निव्वळ पटकथेच्या बळावर मात्र कुणालाच नाही. गुलजारांना २०१३ चा मिळाला, पण ते गीतकार आणि दिग्दर्शकही!

याच जिल्ह्यातले मालेगाव. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. शुक्रवारी माग बंद, म्हणून कामगार मोकळे. तेच नट, तेच प्रेक्षक. पुढे फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात लेखक फरोग जाफरी दिसले. २०२५ साली प्रदर्शित झालेल्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'मध्ये तर त्यांच्यावर बेतलेले पात्रच आहे. परदेशी सुपरमॅनला मालेगावच्या बोलीत बोलायला लावणे ही नक्कल नव्हे. गाव कुठे हसेल आणि हसता हसता कुठे गप्प होईल, हे आधी कागदावर ठरावे लागते. आपल्या किती नियतकालिकांनी या लेखकाची मुलाखत घेतली?

'जंजीर'च्या (१९७३) पोस्टरवर नाव नाही म्हणून सलीम-जावेद यांनी रंगारी लावून ते लिहवून घेतले, हा किस्सा आपण चघळतो. 'मदर इंडिया'चे संवाद वजाहत मिर्झा आणि अली रझा यांचे, दूरदर्शनवरच्या 'महाभारत'चे राही मासूम रझांचे, याचाही अभिमान मिरवतो. पण हे सारे हिंदी-उर्दूतले. मराठीचे काय?

मराठी मालिकेतला मुसलमान आठवा. डोळ्यांत सुरमा, तोंडी 'या अल्ला', आणि शेवटी मित्रासाठी जीव देणे. कोकणातली मराठी बोलणारी खाला, सोलापूरचा विडी कामगार, नाशकातला मराठी शाळेचा मास्तर तिथे नसतो. कारण लिहिणाऱ्याने आपल्या घरात कधी पाऊल ठेवलेले नसते आणि आपण लिहायला बसत नाही. त्या लेखकाला दोष देऊन काय उपयोग? नागराज मंजुळे कवितेकडून 'फँड्री'च्या (२०१३) पटकथेकडे गेले, तेव्हा पडद्यावरचे गाव बदलले. आपले कवी अजून गझलेच्या काफियातच अडकलेले. (गझलकारांनी रागावू नये. रागावलेच तर पटकथा लिहावी.)

पैशाची सबबही आता पुरती खरी नाही. चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणारा रॉयल्टीचा हक्क २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर पटकथाकाराला स्वतःलाही सोडून देता येत नाही.

पुढचे संमेलन जिथे भरेल तिथे पटकथेचे एक सत्र ठेवा. अध्यक्ष मालेगावचा असू द्या. मानधन पाकिटात घालून, वेळेवर द्या.