नावाचं वजन

"पोरगी हुशार असली की कुठल्याही कॉलेजातून हवं ते मिळतं," हे वाक्य आपल्या बायकांच्या गप्पांत हमखास ऐकू येतं. अमेरिकेत मेडिकलला असलेल्या भाच्या-पुतण्यांचा विषय निघाला की तर नक्कीच. मला हे वाक्य मुळीच मान्य नाही.

तिथली पद्धत आधी समजून घ्या. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षी मुलं रेसिडेन्सीसाठी अर्ज करतात, मुलाखती देतात. मग मुलं आपल्या पसंतीची यादी देतात, हॉस्पिटलं आपली. संगणक दोन्ही याद्या जुळवतो आणि मार्चमध्ये निकाल लागतो. यालाच 'मॅच' म्हणतात. संगणक कुणाचं कॉलेज बघत नाही, हे खरं. पण त्याच्या हाती यादी देणारी माणसंच ना? मुलाखतीला कुणाला बोलवायचं, हेही तीच ठरवतात.

फॅमिली मेडिसिनला नावावाचून फारसं अडत नाही. पण त्वचारोग, मेंदूची शस्त्रक्रिया, प्लास्टिक सर्जरी इथे जागा थोड्या आणि मागणारे फार. मोठ्या कॉलेजात त्या विषयाचा स्वतःचा विभाग असतो, संशोधनाला पैसा असतो, शिफारसपत्र देणारे प्राध्यापक निवड करणाऱ्यांच्या ओळखीचे असतात. लहान कॉलेजात तो विभागच नसेल, तर तिथल्या मुलीला महिनाभर परगावच्या हॉस्पिटलात पदरमोड करून राबावं लागतं. तेव्हा कुठे एखादं पत्र हाती येतं.

तिच्याकडे एक नाणं खणखणीत होतं: यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे गुण. जानेवारी २०२२ पासून तिथे फक्त पास-नापास. हेतू चांगलाच होता, मुलांवरचा ताण कमी करण्याचा. पण ताण दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर सरकला, आणि मोठ्या नावाला तोलायला तिच्यापाशी एक वजन कमी झालं.

कुणी म्हणेल, मोठ्या कॉलेजात मुळात हुशारच मुलं जातात. जातात ना! मग ती हुशारी त्यांच्या कामात दिसेलच. प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या यशाचं व्याज किती वर्षं खायचं?

आपल्याकडे नीट पीजीत निदान क्रमांक बोलतो, कॉलेजच्या नावाच्या मोठेपणाला तिथे गुण मिळत नाहीत. खासगी कॉलेजांतला फीचा अडसर आहेच, पण तो उघड्या डोळ्यांना दिसतो. नावाचा अडसर दिसत नाही, म्हणून सगळा दोष पोरीच्या माथी येतो.

अर्जांची पहिली चाळणी करताना कॉलेजचं नाव झाकून ठेवा, एवढं तरी तिथल्या मंडळींनी करावं. आणि आपण? कुणाची मॅच हुकली तर "कमी पडली" म्हणण्याआधी, ती किती मागून धावत होती, तेवढं विचारावं.