बॅरिकेड लावून वेश्याव्यवसाय संपतो काय?

नागपूरच्या इतवारी भागातील गंगाजमुना वस्तीची पोलिसांनी ऑगस्ट २०२१ मध्ये नाकेबंदी केली. रस्त्यावर बॅरिकेड आले, जमावबंदीचे कलम १४४ लागले. परिसर स्वच्छ झाला म्हणून अनेकांनी पाठ थोपटली. पण त्या बायका गेल्या कुठे, हे कोणी विचारले? आदल्याच वर्षी कोरोनाकाळात राज्य शासनाने वेश्याव्यवसायातील महिलांना ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० साठी दरमहा ५ हजार रुपये मंजूर केले होते. ज्यांची मुले शाळेत जातात त्यांना आणखी अडीच हजार. तेव्हा त्या पीडित भगिनी होत्या, वर्षभरात उपद्रव ठरल्या!

कायदाही पहा. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचे कलम ८ रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावण्याला लागते. पहिल्या खेपेला बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाच गुन्हा पुरुषाने केला तर जास्तीत जास्त तीन महिने! कलम ७ नुसार शाळा-देवळाजवळ पकडले गेलेले गिऱ्हाईकसुद्धा गुन्हेगार आहे. पण तोंडावर ओढणी घेतलेले फोटो छापून येतात ते बायकांचेच. वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा ठरवलेला नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगून तीन तरुणींना सुधारगृहातून मुक्त केले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या महिलांशी सन्मानाने वागा, असे पोलिसांना बजावले.

काही विचारवंत याला इतर कामांसारखेच एक काम म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. देवदासी, जोगतिणी, मुरळ्या कोणत्या जातींतून सोडल्या गेल्या, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. १९३४ चा कायदा पुरला नाही म्हणून २००५ मध्ये महाराष्ट्राला पुन्हा देवदासी निर्मूलनाचा कायदा करावा लागला. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी याच भगिनींना हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे रोखठोक सांगितले. पण ते त्यांना समोर बसवून सांगितले, त्यांच्या अंगावर पोलीस घातले नाहीत.

‘यांना हटवा’ अशा निवेदनांवर आपल्याही लोकांच्या सह्या असतात. सही मागायला आले तर त्यांना एवढेच म्हणा: आधी या बायकांना घरकुल, रेशनकार्ड आणि मुलांना वसतिगृह द्या ही मागणी वर लिहा, मग कागद पुढे करा.