मित्राच्या नावानं

वाळव्याच्या साखर कारखान्याचं पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही. पद्मभूषण क्रांतिवीर डॉ. नागनाथअण्णा नायकवडी हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना. यातलं मागचं नाव आधीचं आहे. ऐंशीच्या दशकात नागनाथअण्णांनी कारखाना उभा केला तेव्हा त्याला नाव दिलं ते किसन अहिर यांचं. या सदरात मी ऊसदर, उतारा, थकबाकी यांवर पुष्कळ लिहिलं. आज त्या नावावर लिहितो.

२५ फेब्रुवारी १९४५. शिराळा तालुक्यातल्या मणदूर-सोनवड्याच्या डोंगरात पोलिसांशी चकमक झाली आणि किसन अहिर व नानकसिंग हे दोघं पडले. किसन वाळव्याचे, अण्णांच्या गावचे, बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्याबरोबर भूमिगत झालेले. नानकसिंग पंजाबचे, इथल्या पोरांना हत्यार चालवायला शिकवण्यासाठी इतक्या लांबून आलेले आणि वारणेच्या खोऱ्यात राहिलेले. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे ते सदुसष्ट वर्षं जगले, २२ मार्च २०१२ पर्यंत.

तेव्हा वाळवा, कुंडल, कासेगाव हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचा सांगली जिल्हा झाला. त्यामुळे एका रात्री एका भाकरीत वाटेकरी असलेली माणसं आज दोन जिल्ह्यांच्या इतिहासात वाटली गेली आहेत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव निघालं की लोक इंग्रज राजवटीला समांतर चालवलेलं त्यांचं प्रतिसरकार आपलं म्हणतात, सांगलीतही आपलं म्हणतात. दोघांचंही खरं आहे.

ही पोरं जमली कुठं? गावच्या तालमीत आणि सेवादलाच्या शाखेत. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्यानं बांधणी झाली आणि पाठोपाठ बेचाळीस आलं. संध्याकाळी कवायत करणारी, लेझीम खेळणारी, शिबिरात पंगतीला वाढणारी मुलं बघता बघता भूमिगत झाली. कुंडलला प्रतिसरकारची, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना उभी राहिली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ तिनं रेल्वेचा पगार नेणारी गाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ ला थेट आजच्या धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, त्यात बापू होते आणि नागनाथअण्णाही. त्याच वर्षी अण्णा गोळी लागून पकडले गेले आणि १० सप्टेंबरला साताऱ्याच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले.

शाखेतल्या मैत्रीबद्दल मला ठाम वाटतं ते असं. शाळेतला मित्र बाकावर शेजारी बसला म्हणून मित्र होतो, भावकीतला रक्तानं. शाखेतला मित्र कामानं कळतो. ओझं कोण उचलतो, पैशाचा हिशेब कोण चोख देतो, पंगतीत कोण शेवटी बसतो, हे बाराव्या-तेराव्या वर्षीच कळून चुकलेलं असतं. भूमिगत काळात तर मित्रानं तोंड मिटून ठेवलं म्हणून आपण जिवंत, असा मामला होता. ज्याच्या गप्प राहण्यावर आपला जीव तरला, तो गेल्यावर त्याच्यासाठी काय करायचं? हार घालून आणि दोन मिनिटं उभं राहून भागत नाही.

अण्णांनी किसनच्या नावानं आधी शाळा काढली, मग कारखाना. ऊसदरासाठी आणि काटकसरीसाठी या कारखान्याचं नाव झालं, आणि मला यातच मैत्री दिसते. मित्राचं नाव पाटीवर असताना काटा मारता येत नाही, बिल रखडवता येत नाही. पुढे १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून नदीकाठचा हा म्हातारा माणदेशात जाऊन उभा राहिला. ज्याच्या शिवारातून कृष्णा वाहते त्यानं वरच्या कोरड्या गावांसाठी भांडावं, हे साधं नाही.

एक गोष्ट मात्र मला टोचते. शेतकरी कारखान्याला नुसतं ‘हुतात्मा’ म्हणतात. बोलायला ते सोपंच आहे. पण त्यात किसन मागे पडतो, आणि ज्यांनी त्याला चालताबोलता पाहिला ती पिढी आता संपली. कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड २०२२ मध्ये गेले, नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई त्याच्या आदल्या वर्षी. वाळव्याच्या शाळेतल्या मुलांनी घरोघर जाऊन आजोबांनी, पणजोबांनी सांगितलेलं लिहून घ्यावं. तो कसा हसायचा, कुणाच्या परड्यात लपायचा, तालमीत कुणाला लोळवायचा. चकमकीची तारीख इतिहासात आहेच. पोरांना तो त्यांच्या वयाचा माणूस म्हणून भेटला पाहिजे.

हे सगळं आत्ता लिहावंसं वाटलं, कारण साताऱ्यातला आमच्या शाखेतला मित्र यंदा गेला. चौथीत असताना आम्ही एका रांगेत उभे राहिलो ते अखेरपर्यंत. शोकसभेत त्यानं भूषवलेली पदं वाचून दाखवली गेली. त्याच्या खऱ्या कामाबद्दल कुणी बोललं नाही. वस्तीतल्या दहावीच्या मुलांचा गणिताचा वर्ग तो संध्याकाळी घ्यायचा, पाऊस असो वा निवडणूक, आणि मुलगा आला नाही तर त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. ‘गड्या, आईला सांगून आलो, चल’ एवढंच म्हणायचा. जूनपासून तो वर्ग बंद आहे.

शाखेतल्या जुन्या मंडळींमध्ये आता त्याच्या नावानं पुरस्कार द्यायचा घाट आहे. शाल, श्रीफळ, पाहुणे, वर्षातून एकदा. माणसं प्रेमानंच बोलतायत, त्यांच्याशी मला भांडायचं नाही. पण पुरस्काराचे पैसे मी मागणार आहे: खोलीच्या भाड्याला, दोन दिव्यांना, खडूच्या पेट्यांना. गणित मला जेमतेम येतं, तरी सोमवार आणि गुरुवार मी घेईन. उरलेल्या चार वारांसाठी रविवारच्या बैठकीत नावं मागतो.