गच्चीवरचा पंखा

बडोद्यात गच्चीची आठवण होते ती उत्तरायणाला. पतंग, मांजा, उंधियू आणि शेजाऱ्यांशी गप्पा झाल्या की पुढे वर्षभर तिकडे कोणी वळून पाहत नाही. रुग्णालयाच्या गच्चीची अवस्था याहून निराळी नसते. तेथे पाण्याच्या टाक्यांशेजारी कूलिंग टॉवर उभा असतो आणि त्याच्या माथ्यावर एक मोठा पंखा अहोरात्र फिरत असतो. हा पंखा वैद्यकीय उपकरणांत मोडतो काय, असा प्रश्न आपणांपैकी कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. मीही तो बराच उशिरा विचारला, आणि त्याला कारण घडले.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या खरेदी समितीवर मी होतो. देखभाल विभागाने कूलिंग टॉवरचे जुने पंखे बदलण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्याच बैठकीत दर्शनी दालनाच्या नूतनीकरणाचाही प्रस्ताव होता आणि पैसा एकालाच पुरणार होता. आम्ही दालनाच्या बाजूने कौल दिला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. पुढच्याच श्रावणात एका रात्री चालू पंख्याचा पट्टा तुटला. दुसरा पंखा आधीपासूनच नादुरुस्त होता. चिलरला परत जाणारे पाणी थंड होईना, दाब वाढला आणि चिलर आपोआप बंद पडला. पहाटेपर्यंत नवजात अतिदक्षता कक्षाचे तापमान २५ वरून ३१ अंशांवर गेले. इनक्युबेटर बाळाला ऊब देऊ शकतो, थंडावा देऊ शकत नाही, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य त्या रात्री आम्हाला नव्याने कळले. परिचारिका दर पंधरा मिनिटांनी बाळांचे तापमान पाहत होत्या. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. सकाळी बाजार उघडल्यावर पट्टा आणला. त्याची किंमत काही शे रुपये होती.

या यंत्राचे कार्य समजणे आपणां डॉक्टरांना अवघड नाही, कारण घामाचे शरीरविज्ञान आपण शिकलो आहोत. इमारतीतील उष्णता चिलर पाण्यात सोडतो. ते पाणी टॉवरमध्ये वरून झिरपते. पंखा त्यातून हवा खेचतो. थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. टॉवर म्हणजे इमारतीच्या घर्मग्रंथी, आणि पंखा म्हणजे त्या घामावर वाहणारा वारा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घाम जवळजवळ येतच नाही. त्याच्या वतीने घाम गाळण्याचे काम गच्चीवर चाललेले असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पट्टा तुटला तो श्रावणात, वैशाखात नव्हे, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. आपल्याकडे मे महिना आला की वातानुकूलनाची चिंता सुरू होते. परंतु घरचा माठ आठवावा. कोरड्या वैशाखात तो पाणी गार करतो आणि दमट पावसाळ्यात हात टेकतो. टॉवरचेही तसेच आहे. ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना हवेचे ओले तापमान सुमारे २२ अंश असते. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना मात्र ते सुमारे २८ अंशांवर जाते. टॉवर पाण्याला या मर्यादेखाली नेऊ शकत नाही. म्हणून ज्या दिवसांत आपण निश्चिंत असतो त्याच दिवसांत थकलेल्या पंख्याची खरी परीक्षा होते.

तापलेल्या खोलीने नवजात बालकाचे काय होते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला पारा ४६.८ अंशांवर गेला. तेथील एका सार्वजनिक रुग्णालयातील नवजात बालकांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ४२ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे उष्णतेमुळे अतिदक्षता कक्षात दाखल होणाऱ्या बालकांचे प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावरून खाली आणल्यावर हे प्रमाण लक्षणीय घटले. तेथे ना नवे औषध होते, ना नवे यंत्र. इमारतीची व्यवस्था बदलली आणि मुले वाचली. इमारत हाही उपचाराचा भाग आहे, हे याहून स्पष्टपणे कोणी सांगावे?

आता खर्चाविषयी. पंख्याने ढकललेली हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात असते, परंतु त्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी लागते. म्हणून वेग कमीजास्त करणारे नियंत्रक, ज्याला तंत्रज्ञ व्हीएफडी म्हणतात, बसविल्यास थंड रात्री विनाकारण पूर्ण वेगाने फिरणारा पंखा वीज वाचवू लागतो. जुन्या जड पात्यांच्या जागी फायबरची हलकी, सुबक वळणाची पाती बसविली तर मोटर व बेअरिंगवरचा भारही कमी होतो. दर्शनी दालनातील संगमरवर असे काहीही परत देत नाही.

तथापि पंखा बदलला म्हणजे सारे झाले, असे मानणे घातक ठरेल. लिजिओनेला हा जीवाणू अशाच कोमट पाण्यात वाढतो आणि टॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर दूरवर जातो. २००१ साली स्पेनमधील मुर्सिया शहरात याच आजाराची ४४९ निश्चित निदान झालेली प्रकरणे नोंदली गेली, आणि संशयाची सुई शहरातील एका रुग्णालयाच्याच कूलिंग टॉवरकडे वळली. तुषार अडविणाऱ्या जाळ्या तुटलेल्या असताना जोरकस पंखा बसविणे म्हणजे रोग अधिक दूर पोहोचविणे होय. टॉवरची सफाई, पाण्याचे निर्जंतुकीकरण आणि ताजी हवा घेण्याच्या झडपेपासूनचे अंतर या गोष्टी पंख्याच्या प्रस्तावातच असल्या पाहिजेत. हा प्रश्न अभियंत्याला कदाचित सुचणार नाही. तो आपणच विचारायला हवा.

कोणी म्हणेल की हे अभियंत्यांचे काम आहे, डॉक्टरांनी यात का पडावे? मान्य आहे. पात्यांचा कोन किती ठेवावा, हे त्यांनीच ठरवावे. परंतु प्रस्ताव अभियंता मांडतो आणि समितीत हात आपण वर करतो. आपल्यापैकी कित्येकजण रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, सल्लागार आहेत, स्वतःच्या इमारतींचे मालक आहेत. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, एक पंखा बंद पडला तरी अतिदक्षता कक्ष आणि शस्त्रक्रियागृह दुसऱ्यावर निभावेल अशी योजना असावी. पट्टा, बेअरिंग व एक मोटर जवळ असावी. पंख्याचे कंपन व मोटरचा विद्युतप्रवाह नियमित नोंदला जावा. आणि ही वही महिन्यातून एकदा एखाद्या डॉक्टरने पाहावी. ज्यांच्याकडे टॉवर नाही, साधे वातानुकूलन यंत्र आहे, त्यांनाही बदली व्यवस्थेचा हा नियम लागू आहे.

त्या रात्रीनंतर पंखे बदलले गेले. मी मात्र पहिल्या बैठकीतला माझा वर गेलेला हात विसरू शकलेलो नाही. व्हेंटिलेटरच्या खरेदीवर आपण तासन्‌तास चर्चा करतो, आणि ती योग्यच आहे. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेच्या तळाशी पंख्याचा प्रस्ताव दिसला, तर मतदानापूर्वी आपण सर्वांनी एकदा जिना चढून गच्चीवर जावे. त्यासाठी उत्तरायणाची वाट पाहू नये.