आधी ट्यूबलाईट बंद करून बघा

प्रोजेक्टर घ्यायचाय? मग आज रात्री साडेआठला बाहेरच्या खोलीची ट्यूबलाईट बंद करा आणि बघा कोण कोण ओरडतं. आई भाजी निवडत असेल, बाबा जेवायला बसले असतील, धाकटीची उद्या युनिट टेस्ट असेल. पाच मिनिटंही अंधार टिकला नाही, तर तुमचा प्रोजेक्टर त्या घरात रोज किती वेळ चालणार, याचं उत्तर एक रुपयाही न खर्चता मिळालं.

हे लिहितेय कारण रील्सवर सध्या तोच तो सीन दिसतो. पांढरी भिंत, कोपऱ्यात फेअरी लाईट्स, गादीवर पॉपकॉर्न आणि समोर १२० इंची पडदा. खाली किंमत, सात-आठ हजार. कॉलेजात असताना पार्टटाइम काम करून किंवा पहिल्या स्टायपेंडमधून एवढे पैसे जमतात आणि मोह होतोच. पण त्या रीलमधल्या खोलीत दुसरं कुणीच राहत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? आमच्या अंबरनाथच्या आनंदनगरसारख्या भागात एमआयडीसीतल्या शिफ्टवर घरं चालतात. एक जण नाईट करून सकाळी झोपतो, दुसऱ्याला पहाटेची लोकल पकडायची असते. वन आरके किंवा वन बीएचके. इथे अंधार ही सगळ्या घराची मिळकत आहे. प्रोजेक्टर घेणं म्हणजे ती एकट्याच्या नावावर करून घेणं.

टीव्हीचं तसं नसतं. टीव्ही स्वतःचा उजेड घेऊन येतो, ट्यूब चालू असली तरी त्याचं काही बिघडत नाही. प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे तेवढ्या जागी भिंतीवर उजेड न पाडणं. खोलीत दिवा असेल तर भिंत आधीच उजळलेली असते, मग रात्रीचा सीन करडा आणि धुरकट दिसतो. बॅटमनचा सिनेमा असेल तर विषयच संपला.

आता आकड्यांकडे या, कारण खरी फसवणूक तिथे होते. घरातली साधी २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन उजेड देते. आठ हजारांच्या प्रोजेक्टरच्या खोक्यावर मात्र बिनधास्त ‘१२,००० ल्युमेन’ छापलेलं असतं. म्हणजे डब्याएवढ्या वस्तूत सहा ट्यूबलाईट! खरं-खोटं करायला इंजिनीअर व्हायला नको. अ‍ॅडॅप्टर उलटा करून वॅट वाचा. समजा ६० लिहिलंय. चांगली एलईडी एका वॅटमागे १०० ल्युमेनच्या आसपास देते, म्हणजे सगळी वीज नुसता दिवा लावण्यात गेली तरी ६,००० च्या पुढे गाडी जात नाही. शिवाय तो उजेड आत एलसीडीच्या पॅनलमधून गाळून बाहेर येतो आणि त्यातला बहुतेक तिथेच संपतो. हातात उरतात दोन-तीनशे. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: एएनएसआय ल्युमेन किती? हे ठरलेल्या पद्धतीने, पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढलेलं माप आहे. ‘आयएसओ ल्युमेन’ लिहिलं असेल तरी चालेल. दोन्ही नसेल तर तो आकडा रंगकाम समजा.

आणि १२० इंचाचं स्वप्न? १०० इंचाचा पडदा म्हणजे सुमारे २.२ मीटर रुंद, सव्वा मीटर उंच. २०० ल्युमेन एवढ्या जागेवर पसरले की प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला जेमतेम ७० येतात. तेच चित्र ६० इंचांवर आणा, उजेड जवळपास पावणेतीन पट होतो. म्हणजे स्वस्त प्रोजेक्टर नीट बघायचा तर तो टीव्हीएवढाच करून बघावा लागतो! मग २०-२५ हजारांत मिळणारा ४३ इंची टीव्ही काय वाईट? निदान आईची मालिकाही त्यावर लागते.

‘४के सपोर्ट’ हीसुद्धा तशीच गंमत. सपोर्ट म्हणजे ४केचा सिग्नल आत घेतो, दाखवतो किती ते वेगळं. ‘नेटिव रिझोल्यूशन’ विचारा. तिथे १९२० बाय १०८० हवं, आणि अगदी स्वस्तातल्यात कधीकधी ८०० बाय ४८० निघतं. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने चित्र सरळ केलंत तर त्यातलेही पिक्सेल कमी होतात. बऱ्याच स्वस्त मशीन्सवर नेटफ्लिक्सची अधिकृत परवानगी नसते आणि मोबाईल मिरर केला तर पडदा काळा दिसतो. मग वेगळी स्टिक घ्या, तिचे पैसे वेगळे. आवाजाचं तर बोलूच नका. आतला पंखा हिरोइनपेक्षा जास्त बोलतो.

दुकानात डेमो नेहमी अंधाऱ्या केबिनमध्ये देतात. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर उल्हासनगरच्या कॅम्पात, सरळ सांगा, ‘दादा, लाईट लावा आणि मग दाखवा.’ समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ऑनलाइन घेताना ‘रिटर्न’ आहे की नुसतं ‘रिप्लेसमेंट’, हे आधी वाचा. खोक्यावरचे थापेबाज आकडे म्हणजे ‘मार्केटिंगमध्ये चालतं’ असं मला अजिबात वाटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची स्पष्ट व्याख्या आहे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आपण मीम बनवतो, तक्रार करत नाही, म्हणून तो ‘१२,०००’ पुढच्या सेलमध्ये ‘१८,०००’ होतो.

मग प्रोजेक्टर घ्यायचाच नाही का? घ्या की! फक्त एकट्याने घेऊ नका.

आपल्याकडे प्रोजेक्टर आला तोच गर्दीसाठी. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पुढे तंबूतले टुरिंग टॉकीज ट्रकवर प्रोजेक्टर लादून जत्रा-जत्रांतून फिरले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या याच मंडळींवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाची डॉक्युमेंटरी केली, २०१६ मध्ये ती कान महोत्सवात दाखवली गेली. मिळाली तर जरूर बघा. त्यातलं अवजड यंत्र पाहिलं की आपल्या टिफिनएवढ्या मशीनचं कौतुक गळून पडतं. पण एक गोष्ट दिसते, ते यंत्र कुणा एकाच्या बेडरूमचं नव्हतं. अंधार पडला की सगळा गाव त्याच्यासमोर येऊन बसायचा.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. पाच-सहा जणांनी कॉन्ट्री काढा. प्रत्येकी आठ हजारांत सहा निकामी डबे घेण्यापेक्षा सगळ्यांच्या पैशांत एक नावाजलेल्या कंपनीचा, खऱ्या ल्युमेनचा, फुल एचडी प्रोजेक्टर येतो. तो रोज लागणारच नाही, महिन्यातून दोन-तीनदा लागेल, आणि तेवढं पुरतं. ज्याचे आई-बाबा गावाला गेलेत त्याचं घर, नाहीतर बिल्डिंगची गच्ची. आपल्याकडे जुन्या इमारतींच्या गच्चीवर पत्र्याची शेड असते, त्यामुळे जूनमध्येही आशा असते. फक्त जोराचा पाऊस आला की पत्र्याच्या आवाजापुढे कुठलाही डॉल्बी टिकत नाही, तेव्हा सबटायटल लावा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे. अंधार पडल्यापासून दहापर्यंत अडीच-तीन तास मिळतात, म्हणजे एक सिनेमा आरामात. तिकीट मात्र लावू नका, तुमचं सबस्क्रिप्शन खासगी वापरासाठी असतं.

अर्थात, सहा जणांची वस्तू म्हणजे सहा जणांची भांडणं. तेही आधीच बोलून घ्या. मशीन कुणाकडे राहणार? ज्याच्या घरी कपाट कोरडं आहे त्याच्याकडे, कारण पावसाळ्यातल्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते. धुळीसाठी कापडी पिशवी, आणि फिल्टर असेल तर तो महिन्याला झटकायचा. स्वस्त मशीन आतून बंदिस्त नसतं, पॅनलवर धुळीचा कण बसला की हिरोच्या गालावर कायमचा काळा तीळ. सिनेमा संपल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग खेचायचा नाही. पडणं-फुटणं झालं तर खर्च सगळ्यांचा की पाडणाऱ्याचा, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून ठेवा. तोंडी ठरलेलं कुणाला आठवत नाही.

आणि सगळ्यात अवघड कलम, नोकरी लागून पहिला जण पुण्याला किंवा बंगळूरला निघाला की त्याच्या वाट्याचं काय? दर वर्षी किंमत किती घटली धरायची ते आजच ठरवा आणि तेवढे पैसे त्याला परत द्या. त्याने मोठेपणाने ‘राहू दे रे’ म्हटलं, तरी द्या.